इथं कायच नव्हतं

बायांनो, माझ्या लिहिण्यातल्या चुका काढत बसू नका, मी चौथी शिकलेली. पण आजचं सांगितल्याशिवाय राहवत नाय.

माझी पोरगी एम.ए.ला आफ्रिकेवरच्या कादंबऱ्या शिकते. सकाळी मला सांगत होती, "आई, गोरे लोक पुस्तकात लिहायचे, आम्ही आलो तेव्हा तिथं कोणीच नव्हतं, नुसतं रान."

मी म्हटलं, "मेले आंधळे होते काय? माणसं दिसली नाय त्यांना?"

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली नवीन भाडेकरीण विरजण मागायला आली. सहज विचारते, "मावशी, इथं उलव्यात इमारती व्हायच्या आधी काय होतं हो?"

मी पटकन बोलले, "कायच नव्हतं गं. नुसता चिखल."

ती गेली. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. "आई, आणि आजोबांचं शेत?"

त्याच चिखलात माझा बाप भात लावायचा. बांधाच्या बिळांतून आमी भावंडं चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायचो. आता बाप नाय, बांध नाय. सांगणारी मी उरले, तर माझ्याच तोंडून असं निघालं.

दुपारी त्या भाडेकरणीची बेल वाजवून तिला सांगितलं, "इथं माझ्या बापाचं शेत होतं."

"अच्छा," म्हणाली, आणि दार लावलं.

तुमाला कोणी विचारलं, तर तुमी काय सांगता?