आतोबांची उडी

आमच्या आतोबांइतक्या गंभीर चेहऱ्याने उड्या मारणारा माणूस आकुर्डीपासून दिघीपर्यंत दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. देह भरभक्कम, धोतर गुडघ्यापर्यंत, नोकरी सरकारी मोजणीत जमीन मापायची साखळी ओढण्याची. पण श्रावण लागला की हा गृहस्थ आकुर्डीच्या माळावर कमरेएवढ्या गवतात दबून बसायचा आणि एकाएकी बेडकासारखा आवाज काढून वर उसळायचा. कारण पलीकडे तणमोर तेच करत असे. तणमोर म्हणजे कोंबडीएवढा पक्षी. मादीला दिसावं म्हणून नर गवतातून उंच उडी घेतो. आतोबा उडाले की तो चिडून दुप्पट उडायचा. मग धापा टाकत आतोबा घरी यायचे आणि आनंदाने सांगायचे, "आजबी हरलो!" आत्या गुडघ्यांसाठी तेल गरम करायला घ्यायची.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर कारखान्यासाठी माळ मोजायचं काम निघालं, आणि साखळी नेमकी आतोबांच्याच हाती आली. कुंपणाच्या सरळ रेषेत तणमोराचं घरटं सापडलं. आतोबा साखळी टाकून आडवे उभे राहिले. "साहेब, हितं बाळंतीण हाय. सव्वा महिना थांबा, न्हाईतर रेघ वाकवा." साहेब भला माणूस, त्याने रेघ वाकवली. पुढे भिंत झाली तीही तिथे वाकडीच. पिल्लं निघाली तेव्हा आतोबांनी कचेरीत पेढे वाटले. मोजणीतली चूक इतक्या अभिमानाने कुणी मिरवली नसेल.

पण भिंतीच्या आत इमारत उठली, बाहेर सडक आणि चाळी. गवत दर साली आखडत गेलं. एका श्रावणात दोन नर दिसले, पुढच्या श्रावणात एकच. "अंडी राखली म्या," आतोबा एकदा म्हणाले, "पण पिल्लांनी मोठं हून ऱ्हायाचं कुठं, ते कुणी मोजलंच न्हाई." त्या दिवशी मला त्यांचं हसू आलं नाही.

त्यानंतरच्या श्रावणात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्या वाकड्या भिंतीजवळ गवताचा एक पट्टा उरला होता. आतोबा उडाले. समोरून काहीच उडालं नाही. ते पुन्हा उडाले, थांबले, कान देऊन ऐकत राहिले. मला बघवेना. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मी गवतात बसलो आणि जमेल तसा ओरडून उडी मारली.

आतोबांनी धोतर सावरलं. मग जवळ येऊन म्हणाले, "पाय पोटाशी घे. मान मागं टाक. नीट शिक बाबा, उद्या पोरांनी इचारलं तणमोर कसा उडायचा, तर दाखवाय कुणीतरी पायजे."

मग आम्ही दोघं दमेपर्यंत उडालो. त्या दिवशी आतोबा पहिल्यांदाच जिंकले, पण घरी आल्यावर त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आत्याने दोघांपुरतं तेल गरम केलं.