सत्तावीस नंबरची नळी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर सत्तावीस नंबरच्या नळीची रेघ सदतिसाव्या फेरीला वर उठली आणि ओदील थेरियो खुर्चीत पुढे सरकली.

बाकीच्या रेघा सपाट होत्या. नुसत्या पाण्याची नळीसुद्धा स्वच्छ. म्हणजे नियमाने तपासणी ग्राह्य आणि सत्तावीस नंबर संशयित. तसं लिहिलं की त्याच दिवशी शेतकऱ्याच्या कोठाराला कुलूप. बटाट्याच्या आत गोल कडं धरून पसरणारी ती कुज ज्याच्याकडे निघाली, त्याचं बेणं मग या खोऱ्यात कोणी घेत नाही.

नळीवर नाव नसतं. पण आदल्या दिवशी बटाटे धुताना तिने पिशवीच्या तोंडाला निळ्या लोकरीची गाठ पाहिली होती. तशी गाठ एकच बाई मारते, तिची भावजय जिस्लेन. तेव्हाच साहेबांना सांगून काम दुसऱ्याकडे द्यायचं असतं. तिने दिलं नाही. निम्मं गाव नात्यातलं, प्रत्येक वेळी सांगत बसलं तर हाताला काम उरायचं नाही, असं ती बावीस वर्षं म्हणत आली होती.

पण आत्ता तिला खुपत होती ती गाठ नव्हे.

या प्रयोगशाळेत एकाच दिशेने चालतात. शेवटच्या खोलीतलं यंत्र कुजीच्या जिवाणूच्या एका तुकड्याच्या फेरीफेरीने कोट्यवधी प्रती करतं. तिथे पाऊल टाकलेलं माणूस त्या दिवशी नळ्या भरायच्या स्वच्छ खोलीत परतत नाही. कोटाला चिकटलेला एक कण नळी बिघडवायला पुरतो. काल आधीच्या खेपेच्या नळ्या यंत्रात लावल्यावर तिला कळलं, चष्मा स्वच्छ खोलीतच राहिलाय. ती तशीच परत गेली, त्याच कोटात. सत्तावीसचं झाकण उघडं दिसलं. घरात बरणी उघडी दिसावी तसं तिने ते लावलं.

फोन वाजला. लिओनेल, तिचा धाकटा भाऊ.

"काय गं, झालं का आमचं? परवा ट्रक लागतोय. जेवायला ये, जिस्लेन धिरडी घालतेय."

"मला काही सांगता येत नाही."

"बरं बाई, सरकार! धिरडी खातं ना सरकार?"

तिने फोन ठेवला. गप्प बसावं तर तिच्या दोन मिनिटांपायी भावाच्या दाराला कुलूप. बोलावं तर गाव म्हणणार, भावासाठी गोष्ट रचली. आणि कुज खरंच असली तर?

ती उठली आणि प्रयोगशाळाप्रमुख गेतांसाहेबांच्या दारात उभी राहिली. चष्मा, कोट, झाकण, निळी गाठ, सगळं एका दमात सांगितलं.

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल रेघ नव्हती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सगळ्याच नळ्या पुन्हा लावायच्या, म्हणजे अजून छत्तीस शेतकरी थांबतील. खोली ब्लीचने धुवावी लागेल. आणि लोक काय म्हणतील, ठाऊक आहे ना?"

"म्हणू देत. राखून ठेवलेले बटाटे पलीकडच्या टेबलावरच्या मिरेयला कापू दे. मी इमारतीतच नको."

"आणि तिच्या नळीतही रेघ उठली तर?"

"तर कुलूप लावा. त्याला मी सांगेन."

दोन दिवस ओदीलने घरात तीच तीन कपाटं पुन्हापुन्हा आवरली. धिरडी खायला गेली नाही. दुसऱ्या दुपारी साहेबांचा फोन आला. मिरेयने तीनदा लावलं होतं. चाळीस फेऱ्या, रेघ सपाट.

"भाऊ सुटला," ते म्हणाले. "तू नाही. हंगाम संपेपर्यंत तू फक्त नोंदी लिहायच्या. स्वच्छ खोली बंद."

"बरं."

तासाभराने लिओनेल. मागे ट्रकचं इंजिन घरघरत होतं.

"दोन दिवस! स्वेटर विणत बसला होतात काय गं सगळ्या?"

ओदीलने चष्मा काढून पदरागत ओघळलेल्या शालीने पुसला.

"माझा चष्मा राहिला होता रे."

"त्याला दोन दिवस लागतात?"

"लागले," ती म्हणाली. "जिस्लेनला म्हणावं, पिशव्यांना इतरांसारखी साधी सुतळी बांध."