बोट दाखवलेलं पोतं

आमच्या गावच्या शेतकऱ्यांनी मिळून भाताच्या बियाण्याची कंपनी काढली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी एक रीत घातली. विक्रीच्या पहिल्या दिवशी गिऱ्हाइकानं कुठल्याही पोत्याकडे बोट दाखवायचं, ते पोतं चेअरमनच्या घरी जायचं आणि चेअरमननं तेच पेरायचं. म्हणून तर पार मानकोलीपासून लोक आमचंच बी मागायचे.

सासरे गेले, आमचे हे चेअरमन झाले, आणि सत्तर सालानंतर धंदा बसत चालला. तिकडे कामतघरला कापडाचे लूम वाढत होते, सूतवाल्यांना जागा हवी होती. दिलं यांनी अर्धं गोदाम भाड्यानं. बरं, तिथं तरी थांबावं! सुताच्या गाठींना ओल लागू नये म्हणून बियाण्याखालच्या लाकडी फळ्या काढून गाठींखाली घातल्या. आणि बी? नुसत्या जमिनीवर, खाडीकडच्या भिंतीला टेकून. त्या भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा. मी सांगून सांगून थकले. उत्तर ठरलेलं, तात्पुरतं आहे. दिवाळीत सुरू झालेलं ते तात्पुरतं पेरणी आली तरी संपेना. वर मलाच समजावायचे, भाडं नसेल तर कंपनीला कुलूप लागेल, मग तुझी रीत काय पाटावर बसवून पुजायची? तेही अगदीच खोटं नव्हतं, पण डोकं उठायचं माझं.

विक्रीच्या आदल्या दिवशी घरात एक पोतं आलं. खणखणीत कोरडं बी, बाहेरून आणलेलं. आपल्या राबात, रोपं करायच्या वाफ्यात, हेच टाकायचं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गोदामावर गेले. पाड्यावरच्या एका म्हातारीनं नेमकं भिंतीलगतचं पोतं दाखवलं.

हे म्हणाले, "आजी, ते राहू दे. दुसरं दाखव."

"का रं बाबा? आमाला चालतंय, मंग तुला का न्हाय?"

हे दुसरंच पोतं पुढे ओढायला लागले. मीच म्हटलं, "आजी, तेच पोतं आमच्याकडे येईल. आणि आमचा राब उगवलेला बघितल्याशिवाय कोणी पेरू नका."

पेरलं. राब आमचा रस्त्याला लागून, येता-जाता सगळा गाव डोकावायचा. आठवड्यानं बघते तर चाई पडलेल्या डोक्यासारखा, मधेमधे चार हिरवे झुपके. लोकांनी पोती परत आणून टाकली. हे माझ्याशी बोलेनात, जसं काही बी मीच भिजवलं होतं! घरातलं कोरडं पोतं मी पाड्यावर वाटून टाकलं. आम्ही त्या साली लावणीला, घरचं बी पेरलेल्या शेजाऱ्यांकडून उरलेली रोपं मागून आणली. चेअरमनच्या घरानं रोपं मागायची!

कापणीच्या आधी गाठी हलल्या, फळ्या परत बियाण्याच्या बाजूला आल्या. तसा ठरावच झाला म्हणे. हे मोठ्या तोऱ्यात मला तो वाचून दाखवायला लागले. मी म्हटलं, "अहो, ठराव राहू द्या. आधी ती कडेची फळी बसवा, हलतेय."

बसवली त्यांनी. तोंड फुगवूनच, पण बसवली.