धुरावर टांगलेलं समुद्रपाखरू

यजमान सोलापुरातल्या एका शाळेत सृष्टिज्ञान शिकवायचे. क्षयाने अंथरूण धरलं तरी जीव पाखरांतच. मला राग यायचा. गिरणीचा भोंगा झाला की औषध घ्यायचं एवढं लक्षात राहत नसे, पण खिडकीतली चिमणी किती वेळा आली ते तोंडपाठ!

एका वादळानंतर होटगी स्टेशनचा सांधेवाला मेलेलं पाखरू घेऊन आला. "मास्तर, रुळात पडलं हुतं. ह्ये आपल्याकडलं न्हाय की!"

चोचीवरच्या दोन नळ्या बघून हे उठूनच बसले. शिअरवॉटर म्हणे, लाटांना पंख घासत उडणारं, त्यातही धाकट्यांपैकी. सोलापुरात समुद्र कुठला! ही धाकटी पाखरं मुळात एका घरची, बेटाबेटांवर चुली वेगळ्या झाल्या, आणि आता सख्खं कोण, चुलत कोण यावर विद्वानांची भांडणं. निवाडा बराचसा शेपटीखालच्या पिसांवर, पांढरी की काळी. ह्याची काळी होती. मुंबईच्या संग्रहालयाने ते बघून जात ठरवावी, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती.

कातडं त्यांनी सोललं. मीठ-तुरटी मी लावली, नाक दाबून, देवाची क्षमा मागत. "सावलीत वाळव," म्हणाले आणि तापाने ग्लानीत गेले. सावलीत मुंग्या लागल्या. मग मी शहाणीने बियाण्याचं करतात तेच केलं. किडू नये म्हणून न्हाणीतल्या चुलाणावर, धुरात टांगलं. चार दिवसांनी काढलं तर छातीपासून शेपटीपर्यंत सगळं सारखंच काळं. रिठ्याने धुतलं, तर काजळी आणखी मुरली.

ताप उतरल्यावर त्यांनी ते बघितलं. मी रडायला लागले. "अगं, रडतेस काय? मी लिहितो ना," म्हणाले आणि उशीला टेकून इंग्रजीत चार ओळी लिहून पाखरासोबत मुंबईला धाडल्या. मला इंग्रजी येत नव्हतं.

उत्तर आलं तेव्हा त्यांचे दिवसही होऊन गेले होते. धाकट्या दिरांनी वाचून मराठीत सांगितलं. पाखरू धाकट्या शिअरवॉटरांपैकीच, पण पिसं मूळची काळी की धुराने झालेली हे आता कळायला मार्ग नाही, तेव्हा जात ठरवता येत नाही. पाखरू धुरावर टांगण्याची चूक आपली स्वतःचीच, असं आपण कळवलंत. शिक्षकाकडून एवढ्या अडाणीपणाची अपेक्षा नव्हती.

दिरांनी कागद खाली ठेवला. "वहिनी, दादानं असं कसं केलं?"

"ताप होता त्यांना," मी म्हणाले.