पेलाभर पाण्यात

जेवणं उरकून केशर भिंतीला पाठ टेकते, तोच डोळ्यांवर झापड येते. समोर ओट्यावर तिचे आबा पेपर वाचत बसलेत. आबांना जाऊन तीन वर्षं झाली, पण पेपर काही सुटलेला नाही.

"आबा, पानी देऊ?"

"दे बाय. लई तहान लागती तिकडं."

ती ओट्याची पायरी उतरते, तर पाय शाळेच्या वर्गात पडतो. तिसरीचा वर्ग. इथूनच आबांनी तिचं नाव काढलं होतं. पोरगी शिकून काय दिवे लावणार, म्हणाले होते. स्वतः सातवी शिकलेले. गावभर लोकांची पत्रं वाचून देत, मिशीला पीळ देत हिंडायचे. आता ते चिमुकल्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेत आणि केशरला त्यांची जराही दया येत नाही.

फळ्याखाली झोळी बांधलीय. झोळीत तिची तारा, वर्षाचीही न झालेली, जुलाबांनी पार सुकलेली. केशरच्या हातात दुकानातून आणलेली मीठ-साखरेची पुडी आहे.

"आबा, यावर काय लिवलंय? किती पान्यात घालायची?"

पेपर खाली होत नाही. "औषधच हाय. दे पाजून."

त्या दिवशीही ते हेच म्हणाले होते. पुडी लिटरभर पाण्याची होती, तसं तिच्यावर मराठीतच छापलेलं होतं. हे केशरला नर्सबाईंकडून कळलं, तारा गेल्यावर. तिनं ती एका पेल्यात कालवली होती. लेकराला पाणचट देऊ नये, दाट द्यावं, एवढंच तिला शिकवलेलं होतं.

आताही ती तशीच कालवते आणि पेला आबांपुढे धरते. "प्या."

एका घोटात आबांचं तोंड कसनुसं होतं. "नुसतं मीठ हाय. हे पाजलंस पोरीला?"

"तुमच्याम्होरंच पाजलं."

"मला इचारायचं व्हतंस."

"इचारलं व्हतं, आबा."

चुकलं, एवढं त्यांनी एकदा म्हणावं, केशरला दुसरं काही नको आहे. ती वाट बघत उभी राहते. त्यांची नजर ओळींवरून फिरत राहते.

"यंदा कांद्याचा भाव पडलाय," आबा म्हणतात.

केशर जागी होते. ऊन उंबऱ्यावर आलंय. तारा गेल्यापासून या घरात तसली पुडी आलेली नाही, तरी तिच्या बोटांना पांढरे कण चिकटलेत. ती एक बोट जिभेवर ठेवते आणि थुंकायला दाराकडे धावते.

तारा तहानलेली होती. तिनं तो अख्खा पेला गटागटा पिऊन टाकला होता आणि अजून हवं म्हणून हात पसरला होता.