टँकरवरची क्रियापदं

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाच्या दुष्काळात मी नांदेडहून तिथल्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले. आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेली मी पहिलीच. हेडक्लार्कला मी पहिल्या दिवसापासून नको होते, आणि तो ते लपवायचाही नाही. "कोट्यातून आलेल्यांचं इंग्रजी असंच असतंय," असं माझ्यादेखत इतरांना सांगायचा. तोंडावर मी त्याला अहो म्हणायचे. मनात कधीच नाही.

दुष्काळाच्या पाहणीला दिल्लीचं पथक येणार होतं, म्हणून टिपणं इंग्रजीत लागायची. माझं पहिलंच टिपण त्यानं सगळ्यांपुढे वाचलं.

"बाई, तुमच्या इंग्रजीत माणसं नुसती गो करतेत आन् कम करतेत. जित्ती हायेत का न्हाई?"

हशा झाला. त्यानं पाच क्रियापदं लिहून दिली. रोज नवी पाच, आणि जेवणाच्या सुट्टीत उभं राहून त्यांची रोजच्या वापरातली वाक्यं म्हणायची. ग्लेअर म्हणजे डोळे वटारणं, स्नॅच म्हणजे हिसकावणं, स्टॅगर म्हणजे झोकांड्या खाणं. मी हापशावर नंबर लावून उभ्या उभ्या पाठ करायचे. शब्द मला आवडायला लागले होते. ते त्याच्या तोंडून यावेत, याचाच जास्त राग यायचा.

एका दुपारी मी उभी राहिले आणि म्हणाले, "द हेडक्लार्क स्नॅचेस द अ‍ॅप्लिकेशन्स. ही ग्लेअर्स अ‍ॅट पुअर विमेन."

कुणी हसलं नाही. त्यानं तोंडातला घास संपवला.

"व्याकरण बरोबर हाय," तो म्हणाला. "उद्यापासून शिरूर अनंतपाळकडं टँकरवर जावा. तिथं लई वाक्यं भेटतेल."

टँकरची ड्यूटी बायकांना कुणी देत नसे. मी गेले. एका गावात टँकर थांबायच्या आत बाया धावल्या. एकीनं दुसरीच्या हातातला पाइप हिसकावला. एक म्हातारी भरला हंडा घेऊन दोन-तीन झोकांड्या खाऊन पडली. पाणी मातीत गेलं. मी तिला उठवलं तर म्हणाली, "मला ऱ्हाऊ दे माय, हंडा बघ."

परत येऊन मी हे सगळं इंग्रजीत लिहिलं. स्नॅच, स्टॅगर, जिथं जे हवं ते. हेडक्लार्कनं पानभर मजकुरावर रेघ ओढली आणि खाली लिहिलं, पाणीवाटप शांततेत झालं.

पथक आलं त्या दिवशी मी माझ्या मूळ टिपणाची कार्बन कॉपी थेट त्यांच्या साहेबाच्या हातात दिली. हेडक्लार्क शेजारीच उभा होता.

साहेबानं हिंदीत विचारलं, "ही बाई पडली, ते तुम्ही स्वतः पाहिलं?"

"हो साहेब. मीच उठवलं तिला."

त्या गावाला टँकरची दुसरी खेप मिळाली. मला निलंग्याला बदली मिळाली.

पुढं हेडक्लार्कच्या निरोप समारंभाचं आमंत्रण आलं. इंग्रजी त्यांनीच शिकवलं तुम्हाला, गुरूबद्दल दोन शब्द बोला, असा एका सहकाऱ्याचा निरोप होता. त्यानं मला माझं हसं करायला उभं केलं होतं; शिकले मी माझी. मी तसं कळवलं आणि गेले नाही.