बिघाडाच्या पायऱ्या

"पोरी, ह्यांचं आता आणखी काही बिघडायचं नाही." काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं. चार महिने झाले त्याला. दामूकाका गेले हे मला त्या एका वाक्यात कळलं, आणि वाक्य काकूंचं असलं तरी वळण काकांचंच आहे हेही कळलं. मी ऑफिसात होते. आधी हसू फुटलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं "काय गं, काय झालं?" म्हणून विचारलं, तेव्हा कुठे रडू आलं.

दामूकाका आमच्या नात्यातले नव्हते. वसईकडच्या कामणच्या अलीकडे खाडीला लागून आमचं गाव, आणि आमच्यापासून दोन घरं सोडून त्यांचं घर. मुंबईतल्या एका कंपनीत इंग्रजी टायपिस्ट म्हणून नोकरी करून ते निवृत्त झालेले. आमची भातशेती खाडीकाठची. मी आठवीत असताना बांध फुटला, भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं आणि पुढची तीन वर्षं तिथं धड गवतही उगवलं नाही. बाबा चिंचोटीकडच्या गोदामांत खोकी उचलायला जाऊ लागले, आई त्यातल्याच एका गोदामात पॅकिंगला. शेतकऱ्याच्या घरी तांदूळ विकत आणायचा याची बाबांना इतकी लाज, की ते दुकानाची पिशवी टॉवेलात गुंडाळून आणत. त्यात मी बारावीला इंग्रजीत नापास झाले. बाबा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "सोमवारपासून चल आईबरोबर. इंग्रजी आपल्याला कोन शिकवनार?"

सोमवार उजाडायच्या आत दामूकाका आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांचे हात थरथरायला लागले होते आणि त्यांना अर्ज उतरवून देणारं माणूस हवं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी गावाचे अर्ज लिहायचं काम अंगावर घेतलं होतं. बांध, रस्ता, गटार, विजेचा खांब... सगळ्या तक्रारी इंग्रजीत. का, असं विचारलं तर म्हणत, "मराठी अर्ज साहेबाला कळतो, म्हणून तो बाजूला ठेवतो. इंग्रजी अर्ज कळला नाही असं त्याला म्हणता येत नाही, म्हणून निदान पुढं तरी पाठवतो." बाबांना त्यांनी सांगितलं, "पोरगी रोज दोन तास माझे अर्ज लिहील. बदल्यात इंग्रजीत पास करून देतो. नाही झाली तर तुझ्याबरोबर मी येतो खोकी उचलायला." बाबा त्यांच्या काटक्यांसारख्या हातांकडे बघून म्हणाले, "काका, तुमाला उचलायला आनखी एक मानूस लागंल." पण मला पाठवलं.

तर माझं इंग्रजी असं सुरू झालं. लोक गोष्टी वाचून शिकतात, गाणी ऐकून शिकतात. मी तक्रारींतून शिकले. सहा महिन्यांत, एखादी गोष्ट बिघडते कशी हे मला इंग्रजीत घडाघडा सांगता यायला लागलं, आणि चांगली गोष्ट कशी सांगायची ते अजिबात येत नव्हतं. काकांची एक शिस्त होती. बिघाडाला पायऱ्या असतात, असं ते म्हणत. पहिली 'वेअर अँड टेअर', म्हणजे वापरानं झिजणं. मग 'वर्सनिंग', बिघडत चाललंय. मग 'डिटिरिओरेटेड', चांगलंच बिघडलंय. त्यापुढे 'फ्रॉम बॅड टू वर्स', आणि अगदी तळाशी 'गॉन टू द डॉग्ज', म्हणजे पार वाया गेलं. मी पहिल्याच अर्जात गावच्या रस्त्याला तळाला नेऊन बसवलं, तर काकांनी पेन काढून घेतलं.

"गाडी जाते ना अजून रस्त्यावरून?"

"जाते, पण आपटत जाते."

"मग दुसऱ्या पायरीवर थांब. आज तळ गाठलास तर पुढच्या पावसाळ्यानंतर काय लिहशील?"

पावसाळा झाला, आणि खरंच पुढची पायरी लागली. ते बघून काकांना जो आनंद झाला तो लपवण्याजोगा होता, पण त्यांनी लपवला नाही.

त्यांची पंचाईत झाली ती एकदाच. बांधाबद्दल वर्षानुवर्षं लिहिल्यावर एके उन्हाळ्यात खरोखर माणसं आली, माती आली, बांध दुरुस्त झाला. गावानं ठरवलं, आभाराचं पत्र पाठवू. काका तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. काकू चहा ठेवत, थंड झालेला उचलून नेत. चौथ्या दिवशी त्यांनी मला सांगितलेलं वाक्य मला आजही पाठ आहे. 'द कंडिशन ऑफ द बंड हॅज सीझ्ड टू डिटिरिओरेट.' बांधाची अवस्था आणखी बिघडायची थांबली आहे. मी म्हटलं, "काका, बांध चांगला झाला असं सरळ लिहू या की." ते म्हणाले, "भरती बघितल्याशिवाय चांगला कसा म्हणू?" आतून काकू म्हणाल्या, "बाई, चाळीस वर्षं संसार केला. आमटी कशी झालीय विचारलं की म्हणतात, कालच्यापेक्षा वाईट नाही."

मी इंग्रजीत पास झाले. काकांना खोकी उचलावी लागली नाहीत. वसईत कॉलेज केलं, बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली. हे मी पुन्हा पुन्हा सांगते असं माझा भाऊ म्हणतो. सांगणारच. पण बी.कॉम.च्या कागदाला नोकरी लगेच चिकटत नाही. आठ महिने घरी बसल्यावर एका सर्व्हेअरच्या ऑफिसातून बोलावणं आलं. गोदामात आग लागली, पाणी शिरलं, की विमा कंपनीच्या वतीनं नुकसान बघून अहवाल लिहायचा, असं त्यांचं काम. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, घरच्यांबद्दल सांगा. मी सांगितलं. शेत डिटिरिओरेट झालं, मग फ्रॉम बॅड टू वर्स, वडिलांच्या पाठीला वेअर अँड टेअर आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "घरात काही बरं चाललंय का?" त्यांनी मराठीत विचारलं. मी म्हटलं, "चाललंय सर, पण त्याचं इंग्रजी येत नाही."

मग त्यांनी सगळ्या उमेदवारांपुढं एकच फोटो ठेवला, पावसात भिजलेल्या बिस्किटांच्या खोक्यांचा. दोन-तीन वाक्यं लिहा म्हणाले. बाकी तिघांनी 'सगळा माल खराब' असं लिहिलं. माझा हात आपोआप थांबला. मी लिहिलं, खालच्या दोन थरांतला माल गेला. तिसरा थर ओलसर आहे, आज हलवला नाही तर उद्या बिघडेल. वरचे थर कोरडे दिसतात. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "कुठं शिकलात हे?" "अर्ज लिहून." "नोकरीचे?" "नाही सर, गटाराचे." पुढच्या आठवड्यात मी कामावर रुजू झाले.

काकांना पेढे द्यायला गेले तर त्यांनी पेढा हातात धरून चौकशी सुरू केली. "अहवाल तू लिहिणार. सही कुणाची?" म्हटलं, साहेबांची, माझ्याकडे परवाना नाही, त्यासाठी काही वर्षं काम आणि मग परीक्षा. "मग अजून काही झालेलं नाही," ते म्हणाले, आणि पेढा खाल्ला. मला राग आला होता. पण ते दर दिवाळीला विचारत, सही कुणाची... आणि दर दिवाळीला मी म्हणे, साहेबांची.

या वर्षी मी परीक्षेचा फॉर्म भरला आणि नेमके काका आजारी पडले. परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात गेले तर ते केसपेपर डोळ्यांशी धरून तरुण डॉक्टरांना समजावत होते. "काल तुम्ही क्रिटिकल लिहिलंत. आज डिटिरिओरेटिंग. म्हणजे मी दोन पायऱ्या वर आलो की खाली गेलो? क्रम चुकलाय तुमचा." डॉक्टर बिचारे सॉरी म्हणाले. मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, काका, परीक्षा पुढच्या वेळी देते, आज राहते इथं. त्यांनी केसपेपर उशाशी ठेवला. मग म्हणाले, "माझ्या पायऱ्या मोजायला काकू आहे. तू जा, तुझा पेपर दे." काकूंनी माझी पर्स माझ्या हातात दिली. मी गेले. पेपर दिला. चौथ्या दिवशी काकूंचा तो फोन आला.

निकाल महिन्याभरानं लागला. आधी बाबांना सांगितलं. ते गोदामातून नुकतेच आले होते, हातपाय न धुताच खाली बसले आणि म्हणाले, "परत सांग." मग काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, "ह्यांनी विचारलं असतं, सही कुणाची."

माझी. मी परीक्षा पास झाले आहे, मागच्या आठवड्यात परवाना माझ्या नावावर आला, आणि सोमवारी भिजलेल्या धान्याच्या एका अहवालाखाली मी पहिल्यांदा माझी सही केली.